घाटाचा उतार आणि एंजिनाच्या धावा

इतिहासाच्या अध्यापकानें एंजिनाविषयीं लिहावें यांत कोणास औचित्यभंग वाटल्यास तो दोष मी आधींच पत्करतों. इतिहास म्हणजे केवळ तह, लढाया आणि राजवंश नव्हेत, असें आम्ही वर्गांत मोठ्या आवेशानें सांगतों. आणि लिहावयास बसलों कीं पुन्हां तह, लढाया आणि राजवंश यांवरच लिहितों. ज्या वस्तूनें आपल्या डोळ्यांदेखत एका सबंध मुलुखाची चाल बदलली, तिचें साधें टिपणहि कोणीं ठेवलेलें नसतें. सायकलीच्या सांगाड्यांत बसविलेलें लहानसें पेट्रोलचें एंजिन ही अशीच एक उपेक्षित वस्तु होय.

१९९५ सालीं मी जव्हारास अध्यापक म्हणून गेलों, तेव्हां त्या गांवांत एक वाद नित्य चाललेला असे. चहाच्या दुकानांत, पंचायत समितीच्या आवारांत, एस्. टी. स्थानकाच्या कट्ट्यावर, कोठेंहि दोन शिक्षक आणि एक तलाठी एकत्र आले कीं विषय निघे: गाडी टू-स्ट्रोक घ्यावी कीं फोर-स्ट्रोक? द्वैत-अद्वैताच्या वादांतहि एवढा अभिनिवेश मीं क्वचितच पाहिला असेल. टू-स्ट्रोकवाले म्हणत, चढाला दम हिच्यांतच. फोर-स्ट्रोकवाले म्हणत, चढाला दम तुमच्या गाडीला असेल, पण पेट्रोलच्या पैशानें दम लागतो तो तुम्हांला. हंसणें होई, चहा संपे, आणि वाद दुसऱ्या दिवसावर जाई. मी गांवांत नवा. मुकाट्यानें ऐकत असें. त्या वादाचें उत्तर पुढें मला ज्या रीतीनें मिळालें ती फारशी सुखाची नव्हती; पण तें मागाहून.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. ज्यांना ती आहे त्यांनीं हा मजकूर खुशाल ओलांडावा. एंजिनाच्या नळकांड्यांत एक दट्ट्या खालींवर होत असतो. त्याचें एकदां वरून खालीं किंवा खालून वर जाणें म्हणजे एक स्ट्रोक, आपण धाव म्हणूं. फोर-स्ट्रोकमध्यें दट्ट्या पहिल्या धावेंत खालीं उतरून हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढतो. दुसऱ्या धावेंत वर येऊन तें दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, आणि त्याच्या धक्क्यानें तो पुन्हां खालीं ढकलला जातो. चवथ्या धावेंत वर येऊन तो जळका धूर बाहेर लोटतो. पूरक, कुंभक आणि रेचक ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यांत नवें असें कांहीं वाटूं नये. मध्यें एक स्फोट आहे एवढाच फरक. या चार धावांत कमाईची धाव एकच, बाकीच्या तीन खर्चाच्या. घरांत चार माणसें आणि मिळवता एक, असा हा शुद्ध मध्यमवर्गीय संसार आहे.

टू-स्ट्रोकचा संसार सुटसुटीत. दोघेंच, आणि त्यांतलें एक मिळवतें. दट्ट्या वर जातांना मिश्रण दाबतो, खालीं येतांना शक्ति देतो. आणि श्वास व उच्छ्वास हे दोन्ही व्यापार तो खालच्या टोंकाशीं एकाच क्षणांत उरकतो. नळकांड्याच्या भिंतींतच भोंकें असतात. एका भोंकावाटे धूर बाहेर जात असतांनाच दुसऱ्यांतून ताजें मिश्रण आंत शिरतें आणि राहिलेला धूर पुढें रेटतें. झडपा नाहींत, त्या उघडणाऱ्या दांड्या नाहींत, कांहीं नाहीं. पण येणारा आणि जाणारा एकाच वेळीं दारांत भेटले म्हणजे जें व्हावयाचें तेंच येथें होतें: आलेल्यांतला कांहीं भाग गेलेल्याबरोबर तसाच निघून जातो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत चौथा ते तिसरा हिस्सा पेट्रोल न जळतांच मागच्या नळींतून बाहेर पडत असे. म्हणून हिशेबानें जी कमाई दुपटीची ती व्यवहारांत दिडीच्या आसपासच भरे.

आणखी एक गोष्ट येथेंच ध्यानांत ठेवावयाची. टू-स्ट्रोकच्या पोटांतून, म्हणजे जेथें फिरता दांडा असतो त्या कोठींतून, मिश्रणच जात असल्यामुळें तेथें तेल सांठवून ठेवतां येत नाहीं. वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच कालवावें लागे. लिटरामागें वीस ते चाळीस मिलीलिटर. जेवढें पेट्रोल आंत जाईल तेवढेंच तेल दट्ट्याला मिळणार. फोर-स्ट्रोकच्या पोटांत मात्र तेलाचें स्वतंत्र डबकें असतें, आणि पेट्रोल कमी जावो कीं जास्त, तें तेल आपलें काम करीत राहतें.

साधें यंत्र आधीं आणि गुंतागुंतीचें मागाहून, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रगतीच्या इतिहासाची पाठ्यपुस्तकें याच समजावर रचलेलीं असतात. येथें तो साफ खोटा ठरतो. चार धावांचें तत्त्व बो द रोशा या फ्रेंच गृहस्थानें १८६२ मध्यें कागदावर मांडलें, आणि निकोलस ओटोनें १८७६ सालीं जर्मनींत डॉइट्झ येथें तें एंजिन चालवून दाखविलें. दोन धावांचें एंजिन त्यानंतरचें. स्कॉटलंडच्या ड्यूगाल्ड क्लार्कनें १८८१ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. पण त्यांत मिश्रण भरण्यास वेगळें नळकांडें लागत असे. एंजिनाच्या पोटाचाच पंपासारखा उपयोग करून घेण्याची युक्ति इंग्लंडांत बाथ येथील जोसेफ डे याची, १८९१ सालची. म्हणजे गरीब, धुरकट, फटफटणारें म्हणून ज्याला आपण जुनाट समजत आलों तेंच धाकटें. आणि सभ्य, शांत, आधुनिक म्हणून ज्याचा गौरव झाला तें थोरलें. १८८५ सालीं डाइमलर आणि मायबाख यांनीं लांकडी दुचाकीवर जें एंजिन बसविलें तेंहि चार धावांचेंच होतें.

सायकलीला एंजिन जोडण्याची लाट मात्र खऱ्या अर्थानें उसळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. हरलेल्या आणि जिंकलेल्या, दोन्ही प्रकारच्या देशांत लोकांच्या खिशांत पैसा नव्हता, आणि सायकल तेवढी शिल्लक होती. फ्रान्समध्यें १९४६ पासून सोलेक्स गाडीचें एंजिन पुढच्या चाकाच्या धांवेवर रूळ टेकवून तें फिरवूं लागलें. इटलींत त्याच सुमारास बोलोन्याच्या डुकाटी कारखान्यानें ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचें पिल्लूं, या नांवाचें ४८ घनसेंटिमीटरचें एंजिन काढलें. त्याचा आवाज भुंकण्यासारखा असे म्हणतात. तें चार धावांचें होतें हें विशेष. जपानांत सोइचिरो होंडा यांनीं १९४६ मध्यें सैन्याच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरविण्यासाठीं केलेलीं, युद्धानंतर पडून राहिलेलीं टू-स्ट्रोक एंजिनें सायकलींना बसवून विकलीं. तीं संपल्यावर त्यांनीं तशींच स्वतः बनविलीं. १९५२ सालची त्यांची ‘कब’ ही टू-स्ट्रोकच. पण १९५८ मध्यें ‘सुपर कब’ काढतांना त्यांनीं टू-स्ट्रोक सोडून ५० घनसेंटिमीटरांत चार धावा बसविल्या. एवढ्याशा एंजिनांत झडपा आणि त्यांचा सर्व परिवार घालणें हें त्या वेळीं वेडेपणाचें वाटण्याजोगेंच होतें. २०१७ सालापर्यंत त्या जातीच्या गाड्यांची संख्या दहा कोटींवर गेली.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली आणि परवाना-पद्धतीच्या बांधावर अडून हळूहळू झिरपली. स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, तो काळ पुष्कळांना आठवत असेल. मुलगी दाखवितांना मुलानें स्कूटर नोंदविल्याचें वर्ष सांगत. अशा वेळीं १९७२ सालीं फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाव’ गाडीवरून ‘लूना’ काढली. ५० घनसेंटिमीटरचें टू-स्ट्रोक एंजिन, गिअर नाहीं, आणि बाजूला सायकलीसारखीं पेडलें. पेट्रोल संपलें तर पाय आहेतच, हा धीर त्या पेडलांत होता. पुढें आकुर्डीच्या बजाजनें १९८१ मध्यें एम-५० आणि १९८६ मध्यें एम-८० आणली. हींहि टू-स्ट्रोकच, पण गिअरचीं, आणि म्हणून डोंगराळ भागांत अधिक मानलेलीं. दूध, चारा, पिठाचीं पोतीं, बायको, दोन मुलें, आणि प्रसंगीं हें सर्व एकदम, असें वाहणारी एम-८० आमच्या पिढीनें पाहिली आहे.

या गाड्या जव्हार-मोखाड्यास कशा लागू पडल्या हें समजण्यासाठीं तो मुलूख डोळ्यांपुढें आणला पाहिजे. जव्हार हें महादेव कोळी मुकण्यांचें जुनें संस्थान. सुरतेवर जातांना १६६४ सालीं शिवाजीमहाराज जेथें थांबले असें सांगतात, तो शिरपामाळ गांवाजवळच आहे. संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे हे दुसऱ्या महायुद्धांत विमानदळांत अधिकारी होते. आणि त्याच वेळीं त्यांच्या प्रजेपैकीं बहुतेक वारली, कोकणा, कोळी, ठाकर, कातकरी लोकांना चाक म्हणून ठाऊक असेल तर बैलगाडीचें. राजा आकाशांत आणि प्रजा पायवाटेवर, असा विरोध इतिहासांत पुष्कळ ठिकाणीं सांपडतो. येथें तो अक्षरशः खरा होता. रेल्वे जव्हारला आली नाहीं, मोखाड्यालाहि नाहीं. जव्हार गांव समुद्रसपाटीपासून साडेचारशें मीटरांच्या आसपास, पठारावर. विक्रमगडाकडून यावें तर घाट चढावा लागतो. मोखाड्यास जावें तर वळणावळणानें दरींत उतरून पुन्हां चढावें लागतें. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरास तोरंगणचा घाट; खोडाळ्याहून विहीगांवमार्गें कसाऱ्यास निघावें तरी चढउतार सुटत नाहींत. आणि या सर्वांवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस कोसळतो त्याचें वर्णन मी करीत नाहीं. ज्यानें तो पाहिला आहे त्याला तें अपुरें वाटेल आणि ज्यानें पाहिला नाहीं त्याला अतिशयोक्तीचें.

अशा प्रदेशांत चढाची चिंता सर्वांनाच. म्हणून गाडी पारखण्याची कसोटी एकच असे: दोघे बसून घाट चढते कीं नाहीं? या कसोटीला लहान टू-स्ट्रोक गाडी कशीबशी उतरे. अवघड वळणावर मागचा उतरे, चार पावलें चाले, पुन्हां बसे. त्यांत कोणाला कमीपणा वाटत नसे. मीहि वर्षभरांत एक जुनी मोपेड घेतली. तिचें नांव सांगत नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत तिचा अपराध नव्हता.

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. त्र्यंबकेश्वराहून मी एकटा परतत होतों. चढ सगळा संपला होता आणि तोरंगणचा उतार लागला होता. वाटेंत एका ठिकाणीं बाटलींतलें पेट्रोल घेऊन टांकींत ओतलें होतें. त्यांत तेल किती घातलें याकडे मीं पावसाच्या घाईंत नीट लक्ष दिलें नाहीं. उतार लागल्यावर, पेट्रोल वांचवावें अशा मास्तरी काटकसरीनें, हातांतली मूठ पूर्ण बंद केली आणि गाडी आपल्या वजनानें जाऊं दिली. दोन-तीन वळणें मोठ्या मजेंत गेलीं. मग पोटांतून एक कोरडा, करकरीत आवाज आला, मागलें चाक क्षणभर फरफटलें, आणि मी रस्त्याच्या कडेला चिखलांत होतों. कडा दुसऱ्या बाजूस होता म्हणून हा लेख लिहितां येत आहे.

गाडी एका टेंपोंत घालून मोखाड्यास आणली. तेथल्या मिस्त्रीनें नळकांडें उतरविलें, दट्ट्यावरचे ओरखडे मला दाखविले, आणि अगदीं शांतपणें म्हणाला, “सर, चढाला गाडी नाय मरत. उताराला मरते.”

मीं विचारलें, “उताराला एंजिनाला काम तरी काय असतें?”

“तेच ना! काम नाय म्हणून पेट्रोल नाय, पेट्रोल नाय म्हणून तेल नाय. पण पिस्टन तर फिरतोच. उपाशी बैल पळवल्यावानी.” मग त्यानें सांगितलें तें असें: लांब उतारावर मधूनमधून मूठ थोडी पिळावी, म्हणजे घोटभर मिश्रण आंत जाऊन दट्ट्या ओला राहतो. घाटांतले जुने लोक हें नेहमीं करतात. “तुम्हाला कोणी सांगितलं नाय?”

कोणीं सांगितलें नव्हतें. चहाच्या दुकानांतल्या त्या सबंध वादांत चढाचा विषय शेंकडों वेळां निघाला होता, उताराचा एकदांहि नाहीं. आम्हां सुशिक्षितांचे वाद बहुधा असेच असतात.

त्या दिवसापासून मला वाटूं लागलें कीं या दोन एंजिनांचा खरा निवाडा करावयाचा तर तो उताराच्या पायथ्याशीं बसून करावा. फोर-स्ट्रोक उतारावर उपाशी राहत नाहीं. पोटांतलें तेल तिला मिळतच असतें. शिवाय मूठ मिटली कीं तिचें एंजिन चाकाला मागें ओढून धरतें. टू-स्ट्रोकचा हा अटकाव फार दुबळा, त्यामुळें सर्व भार लहानशा ब्रेकांवर येतो, आणि ओल्या घाटांत ते किती पुरे पडणार? चढाला टू-स्ट्रोक बरी हें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु जो चढला त्याला उतरावें लागतेंच, आणि घरीं पोंचणें हें बहुधा उतरण्याच्या वेळीं असतें. कामावर जातांना नव्हे, काळोख पडल्यावर येतांना.

तरी टू-स्ट्रोकच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती मिस्त्रीच्या दुकानांत बसल्याखेरीज कळत नाहीं. ती गाडी कोणालाहि उघडतां येई. दोन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिशचा कागद. ठिणगीचा प्लग काढून घासला कीं दहांतले सात आजार बरे. धुराच्या नळींत काजळी सांठून गाडी मंदावली कीं ती नळी काढून चुलींत भाजीत आणि दगडावर आपटून झाडीत. तेल मापण्यास बाटलीचें टोपण किंवा दुकानांत मिळणारी टू-टी तेलाची पुडी. पाड्यावरच्या ज्या मुलाला शाळेनें नापास केलें होतें तो सहा महिन्यांत हें सगळें शिके आणि पोट भरे. फोर-स्ट्रोकच्या झडपांचें अंतर कागदाच्या जाडीनें बसवावें लागतें. तें चुकलें तर गाडी तक्रार न करतां हळूहळू झिजते. पहिल्या पहिल्या दिवसांत तर पुष्कळांनीं ‘हिला तेल लागत नाहीं’ असें समजून पोटांतलें तेल वर्षभर बदललेंच नाहीं. टू-स्ट्रोक ओरडून मरे. ही मुकी मरे.

त्या भागांतलें चाक हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. १९९२-९३ मध्यें वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं जव्हार तालुक्याचें नांव सबंध महाराष्ट्रास कळलें. कुपोषण होतेंच, पण आजारी मूल आणि दवाखाना यांमध्यें डोंगर, ओढा आणि पायवाट असणें हेंहि होतें. मी गेलों तेव्हां त्या गोष्टीला दोनच वर्षें झालीं होतीं, आणि लोक ती हळू आवाजांत बोलत. झोळींत घालून रोग्यास सडकेपर्यंत आणीत. केंद्र सरकारच्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमांत, म्हणजे १९९७ नंतर, उपकेंद्रांवरील परिचारिकांना मोपेड घेण्यास कर्जाची तरतूद होती. अशी गाडी चालविणाऱ्या एका सिस्टरबाईंना मीं एकदां तो चहाच्या दुकानांतला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “सर, मला ती गाडी हवी जी रात्री एक वाजता एका किकला सुरू होईल, आणि नाही झाली तर ढकलता येईल.” दम आणि पेट्रोल या दोन्ही पक्षांच्या मुद्द्यांत हा मुद्दा कोठेंच नव्हता. आणि हलकी, साधी, ढकलतां येणारी ती गाडी त्या दिवसांत टू-स्ट्रोकच होती, हें नमूद करणें मला न्यायाचें वाटतें.

पुढचा इतिहास थोडक्यांत संपतो. १९८५ हें वर्ष आपल्याकडे मोठें विलक्षण. त्याच वर्षीं यामाहाची आर-एक्स १०० ही टू-स्ट्रोक आणि हीरो होंडाची सी-डी १०० ही फोर-स्ट्रोक, दोन्ही बाजारांत आल्या. पहिलीवर तरुणांनीं प्रेम केलें, दुसरी बापांनीं विकत घेतली. लिटरला ८० किलोमीटर हा तिच्या जाहिरातींतला दावा होता. तो घाटांत खरा ठरत नसला तरी टू-स्ट्रोकपुढें ती काटकसरी होतीच. १९९१ मध्यें धुराचे पहिले नियम आले, २००० सालीं ते पुष्कळ कडक झाले, आणि न जळलेलें पेट्रोल व जळकें तेल हवेंत सोडणाऱ्या यंत्राला जागा उरली नाहीं. एम-८० लाहि पुढें फोर-स्ट्रोक एंजिन बसलें. खेड्यापाड्यांतून सर्वाधिक पसरलेली टी. व्ही. एस्. ची मोपेड २०१५ सालीं शंभर घनसेंटिमीटरच्या फोर-स्ट्रोक रूपांत आली. पेडलें अर्थातच तिला नाहींत. २०१७ आणि २०२० च्या नियमांनीं उरलेंसुरलें आवरलें. २०२४ मध्यें लूना हें नांव पुन्हां बाजारांत आलें, पण विजेच्या गाडीवर. तिच्यांत धाव दोनहि नाहीं आणि चारहि नाहीं.

धुरानें टू-स्ट्रोकला मारलें असें शहरांत म्हणतात, आणि शहरापुरतें तें बरोबर आहे. जव्हार-मोखाड्याच्या घाटांत तिच्यावरचा विश्वास त्याआधींच डळमळूं लागला होता, आणि त्याचें कारण धूर नव्हे. तेथल्या हवेंत धूर विरून जाई. तिनें लोकांना सोडलें तें उतारावर, बाटलीच्या मापांत झालेल्या चुकीवर, काळोखांत. तरीहि ज्या पाड्यावर पहिलें एंजिन पोंचलें तें बहुधा तिचेंच होतें.

गेल्या वर्षीं मोखाड्यास गेलों होतों. १ ऑगस्ट २०१४ पासून हा मुलूख ठाणें जिल्ह्यांतून निघून पालघर जिल्ह्यांत आला आहे. पाट्या बदलल्या, घाट तोच. मिस्त्रीचें दुकान आतां त्याचा मुलगा चालवितो. मिस्त्री स्वतः बाहेर बांकावर बसून असतो आणि येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा आजार सांगतो. मला त्यानें ओळखलें. “उतारवाले सर,” म्हणाला. आंत फळीवर तेल मापण्याचें त्याचें जुनें पत्र्याचें माप दिसलें. मुलगा त्यांत नट आणि वायसर ठेवतो.